वॉरंट निघालंय का, हे काउंटीच्या नोंदींत कसं शोधायचं

रात्री साडेदहाला फोन आला. "काका, झोपला नाहीत ना? एक विचारायचं होतं. आपल्या नावावर वॉरंट निघालंय का, हे कुठे कळतं?"

ओळखीतला मुलगा, साताऱ्याकडचा. टेक्सासमध्ये एम. एस. करतोय. आठ महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर ह्यूस्टनहून डॅलसला गणपतीला निघाला होता, तेव्हा वाटेत वेगाचं तिकीट, म्हणजे जोरात गाडी चालवल्याबद्दल पोलिसाने लिहिलेला दंडाचा कागद, मिळालं. ते त्याने गाडीच्या पुढच्या खणात टाकलं. मग खोली बदलली, परीक्षा आली, कागद विसरला. त्या दिवशी लायसन्सचं नूतनीकरण करायला गेला तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "तुमच्या नावावर होल्ड आहे, कोर्टाशी बोला." घरी येऊन त्याने स्वतःचं नाव इंटरनेटवर टाकलं, तर कुठल्याशा साइटने लाल अक्षरांत लिहिलं होतं की या नावावर अटकेच्या नोंदी सापडल्या आहेत, पाहायच्या असतील तर पैसे भरा. पोराला घाम फुटला.

मी वकील नाही. पण इतकी वर्षं इथे राहून, दोनतीन वेळा कुणाकुणाबरोबर कोर्टाच्या खिडकीवर उभं राहून जे कळलं ते त्याला सांगितलं. तेच इथे नीट लिहितोय. असे फोन अधूनमधून येतात, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या आवाजात अशी लाज असते की जणू त्याने खून केलाय. त्या लाजेपायी लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात. माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात आधी हे समजून घ्या, की अख्ख्या अमेरिकेची, कुणालाही उघडून बघता येईल अशी वॉरंटची एकच यादी नाही. पोलिसांकडे एक आहे. एफबीआयची एनसीआयसी ही यंत्रणा १९६७ पासून चालू आहे. रस्त्यात गाडी थांबवल्यावर अधिकारी लायसन्स घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसतो, तेव्हा तो अशाच यंत्रणांत नाव तपासत असतो. आपल्याला ती बघता येत नाही. शिवाय देशातली सगळी वॉरंटं तिच्यातही नसतात. किरकोळ दंडाची बरीचशी वॉरंटं राज्यापुरती किंवा त्या भागापुरतीच राहतात.

सामान्य माणसाला बघता येतात त्या काउंटीच्या आणि तिथल्या कोर्टांच्या नोंदी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातली केससुद्धा ई-कोर्ट्‌सवर केसचा सीएनआर नंबर टाकला की दिसते, कारण ती व्यवस्था देशभर एक आहे. इथे प्रत्येक काउंटीचं बिऱ्हाड वेगळं. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, एकट्या टेक्सासमध्ये २५४. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत ४७ लाख लोक होते आणि त्याच राज्यातल्या लव्हिंग काउंटीत ६४. सत्तेचाळीस लाखांच्या काउंटीला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आहे, नोंदी सांभाळणारा क्लर्क आहे, कोर्ट आहे, तसंच चौसष्ट माणसांच्या काउंटीलाही आहे. शेरीफ तर लोकांनी निवडून दिलेला असतो. साहजिकच एकीकडे नाव टाकलं की क्षणात सगळं समोर येतं आणि दुसरीकडे फोन करून क्लर्कबाई जेवून यायची वाट बघावी लागते.

आता त्या मुलाला मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "तिकीट कुठल्या काउंटीत मिळालं?" तो म्हणाला, "मी हॅरिसमध्ये राहतो ना." इथेच बहुतेकांचं चुकतं. तुम्ही राहता ती काउंटी नव्हे, जिथे घटना घडली ती काउंटी शोधायची. ह्यूस्टनहून डॅलसला जाताना आय-४५ महामार्ग हॅरिस, माँटगोमेरी, वॉकर, मॅडिसन, लिऑन, फ्रीस्टोन, नव्हारो, एलिस आणि डॅलस अशा नऊ काउंट्यांतून जातो. चार तासांचा प्रवास, नऊ शेरीफ, नऊ ठिकाणचे क्लर्क. हॅरिसच्या साइटवर तो कितीही वेळ नाव टाकत बसला असता तरी काही निघालं नसतं, आणि त्याला वाटलं असतं, चला, सुटलो.

म्हणून मी त्याला आधी खाली गाडीत जाऊन तो कागद आणायला लावला. तिकिटावर जे हवं ते सगळं असतं: तिकिटाचा नंबर, कोर्टाचं नाव, हजर राहायची तारीख, आणि तिकीट कुणी लिहिलं ते. टेक्सासमध्ये शहराच्या पोलिसाने लिहिलं असेल तर ते त्या शहराच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. शेरीफच्या डेप्युटीने किंवा राज्याच्या हायवे पोलिसाने लिहिलं असेल तर काउंटीच्या जस्टिस ऑफ द पीस कोर्टात, ज्याला सगळे जेपी कोर्ट म्हणतात. एका काउंटीत अशी अनेक जेपी कोर्टं असू शकतात, त्यामुळे प्रिसिंक्ट नंबर, म्हणजे काउंटीच्या कुठल्या विभागाचं कोर्ट ते सांगणारा आकडा, महत्त्वाचा. याच्या तिकिटावर डेप्युटीची सही होती. खाली याचीही सही. "ही सही कसली, माहितीये का?" मी विचारलं. त्याला वाटत होतं, तिकीट मिळाल्याची पोच. ते कोर्टात हजर राहण्याचं लेखी वचन होतं.

गोम इथेच आहे. टेक्सासमध्ये वेगाचं तिकीट हा क्लास सी मिसडेमिनर, म्हणजे छोटा का होईना, फौजदारी गुन्हा. त्याला तुरुंगाची शिक्षा नाही, फक्त दंड. पण वचन मोडून गैरहजर राहिलात तर न्यायाधीश वॉरंट काढू शकतो. वेगासाठी अटक होत नाही, न गेल्यासाठी होऊ शकते.

वॉरंट हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, पकड वॉरंट. इथे त्याचे प्रकार ओळखता आले तर नोंद वाचणं सोपं जातं. पहिला प्रकार गुन्ह्याच्या आरोपावरून निघणारा. पोलीस शपथेवर लिहून देतात की अमुक माणसाने अमुक केलं असं मानायला सबळ कारण आहे, आणि न्यायाधीशाला ते पटलं तर तो सही करतो. ही शपथेची, सबळ कारणाची आणि नेमक्या वर्णनाची अट १७९१ सालच्या चौथ्या घटनादुरुस्तीतली आहे. दुसरा प्रकार बेंच वॉरंट. त्यात पोलिसांनी येऊन काही सांगायची गरज नसते. तारखेला माणूस आला नाही हे न्यायाधीश स्वतःच बघतो आणि वॉरंट काढतो. टेक्सासच्या नोंदींत यासाठी जुने लॅटिन वळणाचे शब्द दिसतात. एलियस वॉरंट म्हणजे निकालाआधीच हजर न राहिल्यामुळे निघालेलं. कॅपियस प्रो फाइन म्हणजे निकाल लागला, दंड ठरला, पण भरला नाही म्हणून निघालेलं. नोंदीत एफटीए अशी तीन अक्षरं दिसली तर ती हजर न राहिल्याची खूण.

असं वॉरंट निघालेले आपण एकटेच नसतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी एका निकालातल्या आपल्या विरोधी मतात लिहिलं की देशातल्या सरकारी यंत्रणांत ७८ लाखांहून अधिक प्रलंबित वॉरंटं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य किरकोळ गुन्ह्यांची दिसतात. मिसूरी राज्यात सेंट लुईस काउंटीतल्या फर्ग्युसन शहराचं उदाहरण तर अंगावर येतं. केंद्रीय न्याय खात्याच्या २०१५ च्या अहवालानुसार, साधारण २१ हजार वस्तीच्या त्या शहराच्या कोर्टाने काढलेली वॉरंटं डिसेंबर २०१४ मध्ये १६ हजारांहून अधिक लोकांवर प्रलंबित होती. ते सगळे त्याच गावचे नव्हते, पण आकडा तो आकडाच. पार्किंग, वेग, घरापुढचं वाढलेलं गवत असल्या बाबींचा दंड तुंबत गेला आणि त्यातून हे झालं. म्हणून म्हणतो, लाज बाजूला ठेवा आणि शोधा.

शोधताना साइट खरी कोणती, हा पुढचा प्रश्न. पैसे मागणाऱ्या खासगी साइट्सच्या नादी लागू नका. त्या जुन्या नोंदी गोळा करून विकतात, नावसाधर्म्याची खातरजमा करत नाहीत, आणि रद्द झालेलं वॉरंट त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तसंच पडून असतं. कोर्टाच्या खिडकीवर जाऊन चौकशी केली तर सहसा पैसे पडत नाहीत, पडले तर प्रतीचे. पण नुसता पत्त्याचा शेवट बघून खरी साइट ओळखता येत नाही. हॅरिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कची अधिकृत साइटच डॉट कॉमवर आहे. त्यामुळे तिकिटावर छापलेला पत्ता वापरा, किंवा काउंटीच्या मुख्य साइटवरून क्लर्कच्या पानावर जा.

राज्याराज्यांत सोय वेगवेगळी आहे. विस्कॉन्सिनमध्ये ७२ काउंट्यांच्या केसेस एकाच फुकट पोर्टलवर सापडतात. मेरीलँडमध्येही राज्यभराचं एकच शोधपान आहे. फ्लोरिडात राज्याचं पोलीस खातंच वॉन्टेड व्यक्तींची यादी लोकांसाठी खुली ठेवतं, आणि कॅलिफोर्नियात सॅन डिएगोचा शेरीफ आपल्या साइटवर वॉरंट शोधू देतो. न्यू जर्सीत, एडिसनसारख्या आपल्या लोकांच्या वस्तीत, तिकिटाचं प्रकरण काउंटीपेक्षा गावाच्या म्युनिसिपल कोर्टाकडे जातं, तेव्हा तिथेच विचारायचं.

आमच्या पोराच्या जेपी कोर्टाचं शोधपान सापडलं. त्याने नाव टाकलं, उत्तर आलं: काही नाही. तो सुटकेचा श्वास टाकणार एवढ्यात मी म्हटलं, थांब.

आपल्या मराठी नावांची इथे फार गंमत होते. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात जातात. लायसन्सवर कधी वडिलांचं नाव मिडल नेम होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी जागेअभावी अर्धंच छापलं जातं. लग्नानंतर बायकांच्या कागदांवर दोन आडनावं, दोन मधली नावं. आणि डेप्युटीने रात्री टॉर्चच्या उजेडात टाइप केलेलं स्पेलिंग ते आणखी वेगळं. म्हणून आधी नुसतं आडनाव आणि जन्मतारीख टाकून बघावं. मग नावाची उलटापालट करून. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर हे लक्षात ठेवावं. चार जुलैचा जन्म सात एप्रिलचा होऊन बसलेला मी पाहिलाय. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे तिकिटाचा नंबर.

त्याने नंबर टाकला. एक ओळ उमटली. आडनावात एक अक्षर कमी, पहिल्या नावाला बाबांचं नाव जोडलेलं. पुढे तिकिटाची तारीख, मग हजर राहायची तारीख, त्यापुढे एफटीए, मग "नोटीस पाठवली", आणि शेवटच्या रकान्यात वॉरंट, स्थिती: अ‍ॅक्टिव्ह. नोटीस पाठवलेली तारीख बघून तो म्हणाला, "तेव्हा मी खोली सोडली होती." टेक्सासमध्ये पत्ता बदलला की ३० दिवसांत लायसन्सच्या खात्याला कळवावं लागतं. ते राहून गेलं, आणि कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. घोटाळा एवढाच.

इथे एक सावधगिरी सांगतो, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शोधपानावर काही सापडलं नाही, याचा अर्थ फक्त एवढाच की या खिडकीत नोंद दिसत नाही. काही वॉरंटं मुद्दाम झाकलेली असतात. टेक्सासच्या कायद्यानुसार अटकेचं वॉरंट आणि त्यामागचं शपथपत्र लोकांना बघायला मिळतं ते वॉरंट बजावल्यानंतर. माणूस पळून जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. अल्पवयीन मुलांच्या केसेस दिसत नाहीत. फेडरल कोर्टाच्या केसेस काउंटीत नसतातच. त्या पेसर नावाच्या वेगळ्या साइटवर असतात, पानाला १० सेंट पडतात आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंत वापर झाला तर तेही माफ. पण सीलबंद वॉरंट तिथेही दिसत नाही.

म्हणून मामला नुसत्या दंडाच्या तिकिटाचा नसेल, दारू पिऊन गाडी चालवल्याचा, घरगुती भांडणात पोलीस आल्याचा, चेक न वटल्याचा असेल, तर स्वतः शेरीफच्या ऑफिसात जाऊन "माझ्यावर वॉरंट आहे का हो" असं विचारू नका. असेल तर ते तिथल्या तिथे ताब्यात घेतील, ते त्यांचं कामच आहे. आधी वकील करा. तो चौकशी करतो, आणि वॉरंट असेल तर जामिनाची तयारी करून, दिवस आणि वेळ ठरवून तुम्हाला हजर करतो. व्हिसावर असलेल्यांनी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारावं. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात तुम्हाला कधी अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. केस पुढे निकालात निघाली तरी त्याचं उत्तर "हो" असंच राहतं. अटक होण्याआधी स्वतःहून हजर होणं आणि रस्त्यात हातकड्या पडणं, यातला फरक आपल्या लोकांच्या बाबतीत फार मोठा आहे तो यामुळे.

फोनवर येणाऱ्या वॉरंटबद्दलही बोलायला हवं. कोर्ट किंवा शेरीफ फोन करून गिफ्ट कार्डांवर दंड मागत नाही. "तुम्ही ज्युरी ड्यूटीला आला नाहीत, वॉरंट निघालंय" असा फोन आला तर आठवा, की ज्युरीत बसायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं; एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला ती ड्यूटीच नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण अशा धमक्यांचा एक मोठा कारखाना आपल्याच मीरा रोडला होता. तिथल्या कॉल सेंटरांतून अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना अटकेची भीती घातली जायची आणि पैसे उकळले जायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथे छापे घातले. तेव्हा असा फोन आला की ठेवून द्यावा, आणि स्वतः नंबर शोधून क्लर्कला विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेपी कोर्टाला फोन केला. क्लर्कबाई अगदी सरळ बोलल्या: मंगळवारी नऊ वाजता या, ओळखपत्र आणा. टेक्सासमध्ये २०१७ पासून अशी तरतूद आहे, की गैरहजेरीसाठी वॉरंट निघालं असेल आणि ते बजावलं जाण्याआधी माणूस स्वतःहून येऊन प्रकरण मार्गी लावेल, तर न्यायाधीशाने ते वॉरंट मागे घ्यायचं. दंड एकदम भरणं झेपत नसेल तर हप्ते मागता येतात, समाजसेवेचे तास मागता येतात. १९८३ च्या बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की पैसे नाहीत एवढ्याच कारणासाठी माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. मागायला मात्र स्वतः तिथे उभं राहावं लागतं.

मी त्याच्याबरोबर गेलो. काचेमागून बाईंनी कागद पुढे सरकवले, न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले, तीन हप्ते ठरले. वीस मिनिटांत बाहेर. तो निघायला लागला तेव्हा मी त्याला पुन्हा खिडकीवर पाठवलं, वॉरंट मागे घेतल्याच्या आदेशाची शिक्क्याची प्रत मागायला.

तेवढ्यासाठी त्याला अलाबामाची एक गोष्ट सांगावी लागली. २००४ साली तिथल्या कॉफी काउंटीत बेनी डीन हेरिंग नावाचा माणूस जप्त झालेल्या ट्रकमधलं काहीतरी घ्यायला शेरीफच्या ऑफिसात आला. अधिकाऱ्याने आपल्या क्लर्कला, याच्यावर वॉरंट आहे का, असं विचारलं. कॉफी काउंटीत नव्हतं. शेजारच्या डेल काउंटीत विचारलं, तर तिथला कॉम्प्युटर म्हणाला, आहे. हेरिंगला पकडलं, झडती घेतली, खिशात मेथअँफेटामिन आणि ट्रकमध्ये पिस्तूल सापडलं. इकडे डेलची क्लर्क वॉरंटची प्रत काढायला फायलींत गेली, तर वॉरंटच नाही. ते पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलं होतं, कॉम्प्युटरमध्ये नोंद करायची राहिली होती. पंधरा मिनिटांच्या आत तिने फोन केला, तोवर अटक होऊन गेली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की ही चूक निष्काळजीपणाची पण तुरळक, म्हणून सापडलेला पुरावा ग्राह्य. काउंटीची चूक, तिचे भोग हेरिंगला.

प्रत मिळाली. खाली कोर्टाचा उठावाचा शिक्का, वर तारीख, मधे एका ओळीत वॉरंट मागे घेतल्याचं वाक्य. पुढचे काही दिवस तो रोज शोधपान उघडून बघत होता. चौथ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हच्या जागी रिकॉल्ड आलं. लायसन्सवरचा होल्ड उठायला आणखी थोडा वेळ गेला. ती प्रत त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या पुढच्या खणात ठेवली आहे, जिथे आधी तिकीट पडून होतं.